किती वाजता चावला?

मे महिना, आंबा उतरवायची घाई. रत्नागिरीच्या आमच्या आगरातला जुना गडगा एका बाजूनं ढासळला होता आणि गडी एकेक चिरा काढून बाजूला रचत होता. एका चिऱ्याखाली लाल विंचू निघाला. गडी त्याला दांड्यानं ठेचणार, तेवढ्यात नानांनी हाक मारून थांबवलं, लांब चिमट्यानं विंचू उचलून लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घातला आणि बरणी पडवीतल्या बाकावर आणून ठेवली.

नाना म्हणजे माझे मोठे काका. जिल्ह्यातल्याच एका गावी त्यांनी चाळीस वर्षं डॉक्टरकी केली. मी पुण्यात प्रथिनांच्या रचनेवर काम करते. प्रथिनात कुठला अणू कुठे बसलाय आणि त्याला येऊन चिकटणारा रेणू नेमका कुठे, कसा चिकटतो, हे शोधते. त्या बरणीसमोर आमचं जे बोलणं सुरू झालं ते दिवे लागेपर्यंत चाललं. बोलणं सुरू होताना जे म्हणत होते ते मी आता तसंच्या तसं म्हणणार नाही. म्हणून ते बोलणं इथे मांडते आहे.

नाना : नीट बघून ठेव. पुढचे चिमटे बारीक, शेपूट जाड. काळ्या इंगळीचं बरोबर उलटं. इंगळी अंगानं मोठी, चिमटे दणकट, म्हणून लोक तिलाच घाबरतात. तिच्या दंशानंही दुखतं, पण माणूस जातो तो याच्यामुळे.

मी : याच्या विषातला एक रेणू जगभरच्या प्रयोगशाळांत वापरतात, नाना. सदतीस अमिनो आम्लांची छोटी साखळी, तीन ठिकाणी गंधकाच्या टाक्यांनी शिवलेली. इबेरिओटॉक्सिन. १९९० मध्ये तो वेगळा काढला. पेशीच्या आवरणात पोटॅशियमच्या आयनांसाठी दारं असतात, त्यातल्या एका जातीच्या दारात तो बुचासारखा बसतो. शेजारच्या दुसऱ्या जातीच्या दारांकडे ढुंकूनही बघत नाही.

नाना : वाचलंय मी ते. पण मला एक सांग, हे कळल्यामुळे आपल्याकडचं एक तरी पोर वाचलं का?

त्यांच्या आवाजात टोचणी नव्हती. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. मी काही बोलायच्या आत त्यांनीच पुढे सांगायला सुरुवात केली.

नाना : एकोणऐंशी-ऐंशीची गोष्ट. मी नवा होतो. उडवीतून पेंढा ओढताना नऊ-दहा वर्षांच्या मुलाला चावला. रात्री त्याला डोलीतून घेऊन आले. आई पदरानं त्याचा घाम पुसत होती, पुसलेल्या जागी पुन्हा घाम फुटत होता. उलट्या चालू, तोंडातून लाळ, आणि हातपाय असे गार की मी आधी माझाच हात चोळून पाहिला. नाडी धावत होती. दुखतंय का विचारलं तर नाही म्हणाला! तेव्हा मला ते चांगलं लक्षण वाटलं. पुस्तकात होतं ते सगळं दिलं. झोपेच्या औषधांचं मिश्रण दिलं, ज्याला आम्ही लायटिक कॉकटेल म्हणायचो, स्टेरॉइड दिलं, कॅल्शियम दिलं. पहाटे त्याला धाप लागली आणि तोंडातून गुलाबी फेस आला. फुप्फुसं पाण्यानं भरली होती. उजाडायच्या आत गेला.

गडी गडग्याचं काम थांबवून ऐकत उभा राहिला होता. नानांनी त्याला चहा प्यायला पाठवलं.

नाना : मग महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर. ते १९७६ मध्ये बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आले. माझ्या हातून गेलं तशीच मुलं त्यांच्याही हातून गेली. पण ते रुग्णाच्या खाटेपाशी बसून राहिले. दर थोड्या वेळानं नाडी, रक्तदाब, घाम, हातापायाची ऊब, सगळं लिहीत राहिले. १९८२ मध्ये त्यांचं टिपण लॅन्सेटमध्ये आलं. त्यांनी दाखवून दिलं, की हा विषानं थेट हृदय बंद पडण्याचा प्रकार नाही. आधी अंगातल्या नसा बेफाम होतात, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, त्या आवळलेल्या नळ्यांविरुद्ध पंप मारून मारून हृदय थकतं आणि मग पाणी फुप्फुसात साचतं. मग उपाय काय? नळ्या सैल करा. आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड, नंतर प्राझोसिनची साधी गोळी. त्यांच्या नोंदींप्रमाणे शंभरातले तीसेक दगावायचे, तिथे एकाच्याही खाली आले. हे करताना त्यांच्यापुढे कुठल्या प्रथिनाचं चित्र होतं? एकाचंही नाही.

मी : नव्हतं, मान्य. पण त्यांनी खाटेशी बसून जे लिहिलं ते काय होतं, नाना? घाम म्हणजे काय, गार हात म्हणजे काय? कुठला तरी एक रेणू जाऊन कुठल्या तरी प्रथिनाला चिकटला, म्हणून ते दिसलं. त्यांनी ते बाहेरून वाचलं. आम्ही तेच आतून वाचतो.

नाना : आतून म्हणजे कसं ते सांग. मला समजेल असं.

मी वहीचं पान फाडून त्यावर चित्र काढायला घेतलं. पोटॅशियमच्या दारापासूनच सुरुवात केली, कारण मला सगळ्यात सुंदर वाटणारी गोष्ट तीच आहे.

आपल्या प्रत्येक नसेच्या आवरणात सोडियमची दारं वेगळी, पोटॅशियमची वेगळी. दोन्ही आयन धन, दोन्हींवर एकच भार. फरक फक्त आकाराचा. पोटॅशियमची त्रिज्या १.३३ अँगस्ट्रॉम आणि सोडियमची ०.९५. अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. लहान आयन मोठ्या दारातून सहज जायला हवा, असंच कुणीही म्हणेल. पण पोटॅशियमच्या दारातून दहा हजार पोटॅशियममागे एखादाच सोडियम जातो. आणि ही निवड सावकाश चाललेली नसते. एका दारातून सेकंदाला सुमारे दहा कोटी आयन निघून जातात.

मी : आयन पाण्यात कधीच उघडा नसतो. पाण्याचे रेणू आपली ऑक्सिजनची बाजू आत करून त्याला वेढून असतात. भातलावणीला बाई इरलं घालते ना, तसं त्याचं पाण्याचं इरलं. दार अरुंद आहे, इरल्यासकट आत शिरता येत नाही. ते उतरवायचं तर आयनाला फार जड जातं, कारण ते त्याला घट्ट धरून असतं. पण या दाराच्या आतल्या भिंतीतून प्रथिनाचे ऑक्सिजन अणू बरोबर नेमक्या अंतरावर पुढे आलेले असतात. एका जागी आठ ऑक्सिजन, चार वर, चार खाली, आणि मध्ये पोटॅशियम. बाहेर पाणी जसं धरत होतं तसंच. त्याला इरलं काढल्याचं जाणवतच नाही. सोडियम लहान. त्यानं इरलं काढलं तर हे आठही ऑक्सिजन त्याच्यापासून लांब राहतात, कुणीच नीट धरत नाही. मग तो इरलं काढतच नाही आणि बाहेरच राहतो.

नानांनी चष्मा वर करून कागद डोळ्यांजवळ नेला.

नाना : हे कुणी पाहिलं?

मी : रॉडरिक मॅकिनन. १९९८ मध्ये. मातीतल्या एका जिवाणूचं पोटॅशियमचं दार स्फटिकरूपात आणून क्ष-किरणांनी. २००३ मध्ये त्यांना त्यासाठी रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आणि नाना, तुम्हाला आवडेल असं सांगते. ते मुळात डॉक्टर. १९८२ मध्ये डॉक्टरकीची पदवी घेतली, रुग्णालयात काम केलं आणि मग ते सोडून या दारांच्या मागे लागले. सुरुवात कशापासून केली माहितीये? विंचवाच्या विषापासून. पश्चिम आशियातल्या पिवळ्या विंचवाच्या विषातलं कॅरिब्डोटॉक्सिन, आपल्या इबेरिओटॉक्सिनचंच भावंड. दाराचं तोंड प्रथिनात नेमकं कुठे आहे हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. हे बूच जिथे बसतं तिथे दार असणार, या एका विचारानं त्यांनी दाराचं एकेक अमिनो आम्ल बदलून बघितलं. कुठलं बदललं की बूच निसटतं, ते टिपत गेले.

नाना : म्हणजे ज्या वर्षी बावसकरांचं टिपण छापून आलं, त्याच वर्षी हा गृहस्थ डॉक्टर झाला.

मी : हो. आणि विंचवाच्याच विषावर दोघांचं काम उभं राहिलं. मॅकिनन यांच्याच प्रयोगशाळेनं २०१३ मध्ये ते बूच दारात बसलेलं असताना त्याचं चित्र काढलं. विषाच्या साखळीतला सत्ताविसावं अमिनो आम्ल लायसिन. त्याच्या टोकाला धन भाराचा एक नायट्रोजन. तो नायट्रोजन दाराच्या तोंडात बरोबर तिथे घुसलेला असतो जिथे पोटॅशियम बसायचा. पोटॅशियमचं सोंग घेऊन तो आत शिरतो आणि तिथेच अडकून बसतो.

हे सांगताना माझा आवाज चढला होता, हे मला नंतर जाणवलं. नाना बरणीकडे बघत गप्प होते. विंचू काचेच्या कडेनं चालून दमला होता आणि आता एका जागी थांबला होता.

नाना : सुंदर आहे. खोटं नाही सांगत, सुंदर आहे. पण मघाशी ज्या मुलाचं सांगितलं ते या बुचामुळे मेलं नाही.

मी : नाही. त्या मुलाला मुख्य त्रास झाला तो सोडियमच्या दारांमुळे. विषातल्या लांब साखळ्या, साठ-सत्तर अमिनो आम्लांच्या, चार टाक्यांनी शिवलेल्या. त्या दाराचं तोंड बुजवत नाहीत. सोडियमचं दार उघडतं आणि सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढ्या वेळात आपोआप बंद होतं, म्हणून नस एकदा झणाणते आणि शांत होते. हे विष दाराच्या बाजूला असलेल्या हलत्या भागाला जाऊन पाचर मारतं. २०१९ मध्ये आफ्रिकेतल्या एका विंचवाच्या विषाचं असं चित्र मिळालं. पाचर बसली की दार बंदच होत नाही. नस पुन्हा पुन्हा पेटत राहते. नसेच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलीन सांडतं, म्हणून घाम, लाळ, उलट्या. मग नॉरॲड्रिनॅलिनचा लोंढा, म्हणून गार हात आणि चढलेला रक्तदाब. तुम्ही पाहिलं तो क्रम हाच.

नाना : हे मला पटलं. पण हेच पटतं म्हणून सांगतो, यात औषध कुठेच आलं नाही. बावसकरांनी पाचर काढली नाही, दार लावलं नाही. त्यांनी लांब पलीकडे जाऊन रक्तवाहिनी सैल केली. आणि नायट्रोप्रुसाइड आत काय करतं, हे तेव्हा पुरतं कुणाला ठाऊक होतं?

इथे ते बऱ्याच अंशी बरोबर होते. नायट्रोप्रुसाइडमधून नायट्रिक ऑक्साइड सुटतो. नायट्रोजनचा एक अणू आणि ऑक्सिजनचा एक अणू, एवढाच तो रेणू. रक्तवाहिनीच्या स्नायूत एका प्रथिनाच्या पोटात लोहाचा एक अणू असतो, त्याला तो जाऊन चिकटतो. चिकटताच त्या लोहाची प्रथिनाशी असलेली एक बाजूची गाठ सुटते, प्रथिन कामाला लागतं, स्नायू ढिला पडतो. दोन अणूंची ही करामत. शरीर स्वतःही हाच वायू याच कामाला वापरतं हे स्पष्ट झालं ते १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात, आणि त्याचं नोबेल आलं १९९८ मध्ये. तोवर नायट्रोप्रुसाइडनं अनेक माणसं वाचली होती. प्राझोसिनचंही तेच. ते बाजारात आलं तेव्हा ते रक्तवाहिनीच्या स्नायूलाच थेट ढिलं करतं असा समज होता. ते नॉरॲड्रिनॅलिनच्या जागेवर जाऊन बसतं, हे मागाहून उमगलं.

मी : पण नाना, औषधं तर तेव्हा इतरही होती. नॉरॲड्रिनॅलिन अडवणारी जुनी औषधं होती. मग प्राझोसिनच का चाललं? इथे अणू येतात. नॉरॲड्रिनॅलिन ज्या प्रथिनांना चिकटतं ती दोन प्रकारची धरा. अल्फा-एक रक्तवाहिनी आवळतं. अल्फा-दोन नसेच्या टोकाशी बसलेलं असतं आणि नॉरॲड्रिनॅलिन फार सांडायला लागलं की ब्रेक लावतं. जुनी औषधं दोन्ही अडवायची. नळी सैल व्हायची, पण ब्रेकही जायचा. प्राझोसिन फक्त अल्फा-एकला धरतं, ब्रेक शाबूत राहतो. विंचवानं आधीच लोंढा सोडलेला असताना ब्रेक राहणं किती मोलाचं!

नाना : आणि ते फक्त अल्फा-एकलाच का धरतं?

मी : खिसा. दोन्ही प्रथिनांत नॉरॲड्रिनॅलिनसाठी खिसा असतो. तळाशी ॲस्पार्टिक आम्लाचा ऋण भार, नॉरॲड्रिनॅलिनचं धन टोक त्याला येऊन बिलगतं. समोरच्या भिंतीवर सेरिन, ते त्याच्या दुसऱ्या टोकाला हलकेच धरतात. इथपर्यंत दोन्ही खिसे सारखेच, कारण दोघांनाही एकच पाहुणा ओळखायचा आहे. पण खिशाच्या वरच्या काठाकडे भिंती वेगवेगळ्या होत जातात. प्राझोसिन मोठं आहे. ४९ अणू, मध्ये एक सपाट जोडवलय. ते तळाशी बसूनही काठापर्यंत पोचतं, म्हणून त्याला हा फरक जाणवतो. नॉरॲड्रिनॅलिन ठेंगणं, त्याला तो जाणवतच नाही. २०२२ मध्ये झुरिकच्या गटानं अल्फा-एकच्या एका प्रकाराचं स्फटिक-चित्र छापलं. आत बसलेला रेणू होता सायक्लाझोसिन, प्राझोसिनचाच जवळचा नातलग. खिशाच्या भिंतीतल्या दोन जागा निवडीसाठी विशेष महत्त्वाच्या दिसल्या. त्यात एकही मजबूत रासायनिक बंध नाही, नाना. सगळे हलके स्पर्श. भाराला भार, हायड्रोजनला ऑक्सिजन, तेलकट बाजूला तेलकट बाजू. पण ते सगळे एकाच वेळी जुळतात, म्हणून पकड अशी बसते की नॉरॲड्रिनॅलिनपेक्षा हजारपटींनी घट्ट.

नाना : २०२२.

मी : हो.

नाना : बावसकरांना पद्मश्री मिळाली ते वर्ष. जवळजवळ चाळीस वर्षं गोळी देऊन झाल्यावर तुमचं चित्र आलं.

मला तेव्हा राग आला, आणि तो मी लपवला नाही. मी म्हणाले, नाना, उशीर झाला म्हणून खरं खोटं होत नाही. आणि पुढच्या वेळी उशीर होणार नाही. २०२५ च्या जानेवारीत नागाच्या जातीतल्या सापांच्या विषावर संगणकानं रचलेली नवी प्रथिनं आली. विषाच्या रेणूच्या नेमक्या कोपऱ्यात बसतील अशी, अणूअणूनं आखलेली. उंदरांना दिली, उंदीर वाचले. विंचवासाठीही होईल. ज्या डेव्हिड बेकर यांच्या गटानं ते केलं, त्यांना २०२४ मध्ये नोबेल मिळालं ते अशी प्रथिनं रचण्यासाठीच.

नाना : होईल. होवो. मी तुझ्या कामाला कमी लेखत नाही, बाय. माझी अडचण वेगळी आहे. तुम्ही स्फटिक कसा ठेवता किरणांसमोर?

मी : गोठवून. द्रव नायट्रोजनच्या थंडीत. उणे १७३ अंश.

इंदूरला इंडस-दोन या सिंक्रोट्रॉनवर मी रात्रभर बसून मोजमापं घेतली आहेत. सुईच्या टोकाएवढ्या दोऱ्याच्या फाशात मिठाच्या कणाहून लहान स्फटिक, त्यावर थंड वायूची धार. त्यात अणू फारसे हलत नाहीत, म्हणून ते नीट दिसतात.

नाना : मग तिथे तुमच्या चित्रात घड्याळ नाही. आणि माझ्याकडे घड्याळाशिवाय दुसरं काही नव्हतं. रुग्ण आला की मी पहिला प्रश्न काय विचारायचो? विंचू कसा होता, हेही नाही. किती वाजता चावला. अर्ध्या तासात आलेलं पोर आणि सहा तासांनी आलेलं पोर, विंचू तोच, विष तेच, गोळी तीच, पण आजार एक नाही. अर्ध्या तासात आलेल्याला गोळी पुरते. सहा तास मांत्रिकाकडे घालवून आलेल्याच्या हृदयाचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. तुझं बूच बसलेलं दिसतं. कधी बसलं आणि किती वेळ बसून राहणार, हे दिसतं का?

मी बराच वेळ बोलले नाही. मघापासून मी पकडीबद्दल बोलत होते, किती घट्ट, किती नेमकी. पकडीला मुदत असते, हे मी एकदाही म्हटलं नव्हतं. माझ्या विषयात हे माहीत नाही असं नाही. उलट या विंचवाच्याच विषानं ते डोळ्यांना दाखवलं होतं. पण चित्राच्या मोहात मी ते वगळलं होतं.

मग मी दुसरा कागद घेतला.

१९७६ मध्ये नेहर आणि साकमान या दोघा जर्मन शास्त्रज्ञांनी काचेच्या बारीक नळीचं टोक पेशीच्या आवरणाला लावून एका एकट्या दारातून वाहणारी वीज मोजायची रीत काढली. कागदावर रेघ उमटते. दार उघडं असलं की रेघ वर, बंद झालं की खाली. भराभर वरखाली, खरवडल्यासारखी. आता त्या पाण्यात इबेरिओटॉक्सिनचे थोडे रेणू सोडायचे. रेघ थोडा वेळ नाचत राहते आणि अचानक खाली येऊन सपाट होते. विषाचा एक रेणू, एकच, येऊन बसला. सपाट रेघ कित्येक मिनिटं तशीच. आणि मग जशी गेली तशीच एकाएकी ती पुन्हा नाचायला लागते. रेणू उठून गेला. भावंड असलेलं कॅरिब्डोटॉक्सिन त्यामानानं लवकर उठतं. दोघांचा आकार जवळपास तोच, बसायची तऱ्हा तीच. फरक उठण्याचा.

मी : हे तुमचं घड्याळ, नाना. येण्याचा वेग किती, हे विष किती दाट आहे त्यावर. उठण्याचा वेग किती, हे पकडीवर. औषधांचंही हेच. प्राझोसिन घट्ट का, तर ते सावकाश उठतं. ते बसलेलं असेपर्यंत नॉरॲड्रिनॅलिनचा लोंढा बाहेरच ताटकळतो.

नाना : आणि प्रतिविष? घोड्याच्या रक्तातून काढलेलं? ते बसलेली पाचर उपटतं का?

मी : नाही. प्रतिपिंड केवढे मोठे, विषाच्या रेणूच्या कितीतरी पट. ते रक्तात मोकळं फिरणारं विष धरतात. प्रथिनाला चिकटलेला विषाचा रेणू आपल्या वेळेनं उठतो, तेव्हा त्याला पुन्हा बसू देत नाहीत. म्हणून ते लवकर मिळायला हवं. मोकळं विष जास्त असतानाच त्याचा उपयोग.

नाना सरळ होऊन बसले. मग त्यांनी २०११ चा बावसकर पतिपत्नींचा अभ्यास सांगितला. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेला, महाडला केलेला. सत्तर रुग्ण. निम्म्यांना नुसतं प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिन आणि विंचवाचं प्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झाले ते नुसत्या गोळीवाल्या पस्तिसांतले आठ, आणि दोन्हीवाल्या पस्तिसांतले बत्तीस.

नाना : ज्या माणसानं गोळी आणली त्यानंच गोळीपुढचं काही तपासून पाहिलं आणि छापलं. मला याचा फार आदर वाटतो. पण हे का होतं ते मी इतकी वर्षं नीट सांगू शकत नव्हतो. गोळी एका जागी काम करते, प्रतिविष दुसऱ्या. तू म्हणतेस तो उठण्याचा वेग मध्ये ठेवला की दोन्ही का लागतात ते कळतं. गोळीनं नळ्या सैल ठेवायच्या, तोवर प्रतिविषानं उठलेलं विष गोळा करायचं.

मी : मग अणूंचं चित्र कामाचं?

नाना : रुग्ण बघून झाल्यावर, हो. आधी नाही.

मी यावर वाद घातला नाही, पण ते मला पूर्ण मान्यही नाही. रुग्णाकडे बघणाऱ्याला काय बघायचं हे कुणी तरी सांगावं लागतं. त्या मुलाला दुखत नव्हतं ते नानांना चांगलं लक्षण वाटलं होतं. आज शिकणाऱ्या डॉक्टरला माहीत असतं, की ज्याला वेदना कमी आणि घाम जास्त, त्याचीच जास्त काळजी घ्यायची. ही खूण बावसकरांच्या वहीतून आली, आणि त्यातल्या घामाला दारांच्या अभ्यासानं कारण दिलं. माझ्या कामात मात्र एक बदल झाला आहे. कुठल्याही खिशात बसलेल्या रेणूचं चित्र हाती आलं, की तो किती वेळ बसतो हे मोजल्याशिवाय मी आता त्याबद्दल लिहीत नाही.

अंधार पडायच्या सुमाराला नानांनी बरणी उचलली. गड्याला बरोबर घेऊन गेले आणि घरापासून दूर, सड्यावरच्या कातळात विंचू सोडून आले. परत आल्यावर चहा पिताना म्हणाले, तू लिहिणार असशील तर शेवटी काय करायचं ते लिही. चित्रं लोक बघतील, पण करायचं काय ते आधी कळू दे. म्हणून लिहिते.

कोकणात गडग्याचे चिरे, कौलं, पेंढा, लाकडांचा ढीग, आंब्याची अढी, इथे हात घालण्याआधी काठीनं हलवून बघा. चप्पल-बूट झटकून घाला. विंचू चावला तर मंत्र, चिरा देणं, घट्ट बांधणं यात वेळ घालवू नका. वेदना कमी आहे म्हणून निश्चिंत राहू नका. घाम फुटला, उलटी झाली, लाळ सुटली, हातपाय गार पडले, तर लगेच जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा रुग्णालयात न्या. मुलांच्या बाबतीत तर लक्षणं दिसायची वाटही बघू नका. प्राझोसिन डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं, आणि घेतल्यावर रुग्णाला आडवं ठेवायचं, कारण पहिल्या मात्रेनंतर उठून बसलं तर रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो. आणि घरातून निघण्याआधी घड्याळात बघा, विंचू किती वाजता चावला ते लिहून घ्या आणि डॉक्टरांना सगळ्यात आधी तेच सांगा.